मिठावरचं मायनस

पंखा व्यवस्थित चालत होता, तरी धाकट्याने मेन स्विच बंद करून त्याचा रेग्युलेटर काढला.

"खराब व्हायच्या आधी बदललेला बरा," तो स्टुलावरून म्हणाला.

नववीच्या उद्याच्या तासासाठी ताई टेबलावर पुठ्ठे कापत बसली होती. पिवळा सोडियमचा, हिरवा क्लोरीनचा.

गेल्या वर्षी तिने या वायरमन भावाला आपली एक किडनी दिली होती. त्याची तब्येत सुधारली आणि दर सुट्टीला तो पिशवी घेऊन दारात उभा राहू लागला. घरातला एक दिवा, एक बटण त्याने जुनं राहू दिलं नाही. भांडण मात्र बंद. तिच्या चहाला भांडी विसळलेलं पाणी म्हणणारा हा माणूस आता कप रिकामा करून म्हणायचा, छान झालाय. खिडकीजवळच्या ज्या खुर्चीसाठी लहानपणी दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, तिच्यावर तो चुकूनही टेकत नव्हता. आला की स्टूल ओढायचा.

किडनी गेल्याचं तिला काही वाटत नव्हतं. भाऊ हरवल्याचं वाटत होतं.

तो खाली उतरला आणि पिवळ्या पुठ्ठ्यावर ठेवलेलं शर्टाचं बटण पाहून थबकला. हे कशाला, त्याने विचारलं. तिने बटण उचलून हिरव्या पुठ्ठ्यावर ठेवलं. हा इलेक्ट्रॉन, ती म्हणाली. सोडियमने दिला म्हणून तो प्लस झाला, क्लोरीनने घेतला म्हणून तो मायनस. दोघं एकमेकांना चिकटले की झालं मीठ, आणि मिठावर ना प्लस ना मायनस. न्यूट्रल.

"न्यूट्रल वायर म्हणून हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या, अशी माणसं रोज भेटतात मला," तो म्हणाला. "मिठाच्या डब्याला टेस्टर लावून बघू का?"

ताईने चटकन वर पाहिलं. हा सूर तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पण तो तेवढ्यातच विझला. धाकटा हिरव्या पुठ्ठ्यावरचं बटण बोटाने फिरवत राहिला.

"तरी घेणारा तो मायनसच ना, ताई?"

तिने कात्री खाली ठेवली.

"वर्गात मुलं हीच चूक करतात. नुसता हिरवा पुठ्ठा बघतात आणि मिठावर मायनस लिहून मोकळी होतात. अरे, मिठात दोघं असतात. एकाचं प्लस, एकाचं मायनस, मिळून शून्य."

"ते मिठाचं झालं."

"मग माझं ऐक. तू मायनस धरून बसलास की मला प्लस धरून बसावं लागतं. शाळेत मी थोर, गल्लीत मी थोर. मुख्याध्यापक माझ्यासाठी दार उघडून धरतात. वीट आलाय. निदान तू तरी मला साधी बहीण राहू दे."

ती चहा ठेवायला आत गेली. दूध जरा कमीच होतं. तिने नेहमीसारखं पाणी वाढवलं. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग स्क्रू आवळल्याचा.

कप घेऊन ती बाहेर आली, तर पंखा फिरत होता. भिंतीवर जुनाच रेग्युलेटर परत बसला होता. नव्याचं खोकं पिशवीत तसंच होतं. आणि धाकटा खिडकीजवळच्या खुर्चीत होता, पाठ टेकून, पाय समोरच्या स्टुलावर टाकून.

त्याने कप घेतला, एक घोट पिऊन कपात डोकावून पाहिलं.

"भांडी कधी विसळलीस?"

ताईला हसू आवरेना. पण तिने चेहरा कडक ठेवला.

"ऊठ. माझी खुर्ची आहे ती."

तो उठला नाही.