नवी राणी

तोंडाला जाळी न बांधताच हौसाबाईंनी मधपेटी उघडली. माश्या सरसर त्यांच्या हातावर चढल्या.

"आत्या, चावत नाहीत?" नवी सून शलाका लांबूनच म्हणाली.

"जी पेटी मला परकं मानत नाही, तिच्याच अळ्यांपासून मी आजवर राण्या वाढवल्या. आता ह्या मला पेटीतलीच समजतात."

तळाशी म्हातारी राणी मरून पडली होती. हौसाबाईंनी ती उचलून दाखवली. "हिला पोरींनीच मारलं. नवी राणी मिळाली की जुनीला डंख मारत नाहीत. सगळ्या मिळून बिलगतात आणि अंगच्या उबेनं भाजून काढतात."

शलाकानं भीतभीत हात पुढे केला. माश्या तिच्याकडे वळल्या आणि तिच्या बोटांवर पांढरट थेंब ठेवू लागल्या.

"अगं, हे तर राणीला भरवतात ते..." हौसाबाई हसल्या आणि मधेच थांबल्या.

बाकीच्या पेट्यांमधूनही माश्या निघाल्या होत्या. त्या अलगद येऊन हौसाबाईंच्या पाठीवर, गळ्यावर बसल्या, एकीवर एक.

"आत्या, चावतायत का?"

"नाही गं," हौसाबाई म्हणाल्या. "नुसतं गरम व्हायला लागलंय."