साहेबांचं माप

नेटवर्कवाल्याने साहेबांवर सूड उगवला. छे, असं काही झालंच नाही. त्याने फक्त रेडिओ बसवला.

सख्ख्या बहिणीच्या लग्नाला दोन दिवसांची रजा मागितली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "लग्न तुझं आहे का?" रजा नामंजूर झाली. पुढच्याच आठवड्यात ऑफिसातून समोरच्या गोदामात बिनतारी इंटरनेट पोचवायचं काम निघालं. दोन्हीकडचे रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारे डबे, एकमेकांना सरळ दिसावे लागतात, म्हणून तो गच्चीवर खांब रोवायला निघाला.

"गच्चीवर कशाला? माझ्या केबिनमध्ये लाव. कंपनीचं नेट माझ्या नजरेखाली हवं."

"बरं साहेब. जरा खुर्चीत बसता का?" म्हणत त्याने टेप काढली, बसलेल्या साहेबांचं माप घेतलं आणि खुर्चीमागच्या भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या चार बोटं वर, गोदामाकडच्या खिडकीकडे तोंड करून रेडिओ ठोकला.

तेव्हापासून साहेब उठले रे उठले की गोदामाचं नेट जातं आणि मालकांचा फोन येतो. महिन्याभराने मालकांनी साहेबांचा एक अर्ज तांत्रिक मंजुरीसाठी नेटवर्कवाल्याकडे पाठवला.

"विषय: कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा उभं राहण्याची परवानगी मिळणेबाबत."