चौदा घरं, सहा गाड्या

“बारा वर्षं त्या मेल्या कचरागाडीने मला मंगळवारी पहाटे पाचला उठवलंय. बारा वर्षं!” नगरसेविका टॉमझिन बोलिथो शेजारच्या खुर्चीकडे झुकून पुटपुटल्या. “आणि वर ही बिस्किटं. मऊ.”

शेजारच्या खुर्चीत केरेंझा होती, नगरपालिकेची कारकून. तिने बशी उचलून दुसरी ठेवली. तीही मऊच. पोर्थकेरो गावातली समुद्राची हवा बिस्किटांना सोडत नाही.

“आता ती विजेवरची गाडी चाचणीला आल्यापासून मात्र छान झोप लागते हो. आली कधी, गेली कधी, पत्ता नाही.” बाईंनी चहाचा घोट घेतला. “तुझं काय गं? भाड्याचं घर गेलं म्हणे?”

“हो. मालक आता सुट्टीवर येणाऱ्यांना देतो.”

“मिळालं दुसरं?”

“इथे जवळच असते.”

“बरं झालं बाई. थंडीत चालत यायला सोपं.”

केरेंझाने सभेचे कागद सारखे केले. सभेला सर्वांत आधी यायची तीच आणि सर्वांत शेवटी निघायचीही तीच. नऊ वर्षांत तिची एक सभा चुकली नव्हती.

विषय क्रमांक चार सहा मिनिटांत मंजूर झाला. जुन्या धूर ओकणाऱ्या सहाही कचरागाड्या जाणार, त्यांच्या जागी विजेवरच्या सहा येणार. धूर नाही, आवाज नाही. टाळ्या पडल्या. अध्यक्ष अँब्रोज राउझ यांनी स्वतःच्याच कामगिरीला मान डोलावली.

विषय क्रमांक पाच. मासळीबाजारामागच्या मोकळ्या आवारात कमी भाड्याची चौदा घरं. हा विषय तिसऱ्यांदा येत होता. पहिल्यांदा मोटारी लावायच्या जागेवरून अडला, दुसऱ्यांदा तिथल्या वटवाघळांना त्रास होईल म्हणून. या वेळी टेकडीवरच्या बंगल्यांतून समुद्र दिसणार नाही, अशी तक्रार होती. बंगले ऑक्टोबरपासून मेपर्यंत बंद असतात, हे कोणी काढलं नाही.

“या विषयावर बोलायला गावकऱ्यांपैकी एकाची चिठ्ठी आहे,” केरेंझाने वाचलं. “डेन्झिल कर्नो. तीन मिनिटं.” तिने घड्याळ समोर ठेवलं.

डेन्झिल उठला. एकतीस वर्षं तो कचरागाडी चालवत होता. चाचणीची गाडीही त्याच्याचकडे होती. टोपी त्याने दोन्ही हातांत धरली होती.

“नव्या गाड्यांना भोंगा लावा,” तो म्हणाला.

सभेत हशा पिकला.

“मिस्टर कर्नो, गाड्यांचा विषय संपला,” अध्यक्ष म्हणाले. “तेव्हा तुम्ही गप्प होतात. हा घरांचा विषय आहे.”

“माहीत आहे मला. चिठ्ठी याच विषयाची दिलीय.”

“मग घरांवर बोला.”

“भोंगा लावा, नाहीतर घरं बांधा. दोन्हीपैकी एक आजच करा. गाड्यांची मागणी उद्या कारखान्यात जातेय. एकदा गेली की गाड्या तशाच येतील.”

“अरे डेन्झिल,” राउझ आता शाळेतल्या सोबत्याशी बोलावं तसं बोलले, “लोक आवाजाला कंटाळले म्हणून तर गाड्या आणतोय. भोंगा कोणासाठी? सीगल पक्ष्यांसाठी?”

“गाडी आलेली कळायला हवी.”

“कोणाला?”

“जे जवळ असतील त्यांना.”

“मांजरं पळतात की आपोआप,” बोलिथोबाई म्हणाल्या. पुन्हा हशा.

“मांजरं पळतात,” डेन्झिल म्हणाला. “अँब्रोज, जीव जाईल कोणाचा तरी. मी रजेवर असेन, बदलीवर नवा माणूस असेल. घाईत असेल.”

हसणं थांबलं. नगरसेवक आपापल्या कागदांत काहीतरी शोधू लागले. बोलिथोबाईंनी एक बिस्किट घेतलं आणि न खाता बशीत ठेवलं.

“एक नाव सांग,” राउझ म्हणाले. “गावातल्या एका माणसाचं नाव सांग, ज्याला तुझ्या भोंग्याची गरज आहे. आत्ता लावतो.”

डेन्झिलने टोपी एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. “नाव नाही सांगणार. शब्द दिलाय.”

“मग आम्ही काय करायचं?”

तो उभाच राहिला. केरेंझासमोरच्या घड्याळात तीन मिनिटं संपून चौथं चालू झालं होतं.

“केरेंझा, वेळ झाली ना?”

“झाली.”

“बसा, मिस्टर कर्नो. आभार. हात वर करा, मंडळी. आठला इमारतीला कुलूप लागून चोरांसाठीची धोक्याची घंटा चालू होते, त्याआधी सगळ्यांना बाहेर पडायचंय.”

घरं पुढे ढकलावीत, पाच. आज मंजूर करावीत, चार. पुढची चर्चा वसंत ऋतूत. डेन्झिल खुर्चीत बसला तो भिंतीकडे बघत. केरेंझाकडे त्याने सभाभर एकदाही पाहिलं नव्हतं.

“लिहून घे,” अध्यक्ष खुर्ची मागे सरकवत म्हणाले. “विषय पाच, पुढे ढकलला. मिस्टर कर्नो विषय सोडून बोलले.”

केरेंझाने तारीख लिहिली. विषयाचा आकडा लिहिला. मग लेखणी खाली ठेवली.

“विषय सोडून नाही बोलले ते,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. नऊ वर्षांत सभेत तिने स्वतःचं असं एक वाक्य उच्चारलं नव्हतं.

“नको पोरी,” डेन्झिल हळूच म्हणाला.

“नाव हवं होतं ना तुम्हाला, साहेब?” केरेंझा म्हणाली. “माझं लिहा. या इमारतीच्या मागे टाकाऊ पुठ्ठ्यांचा मोठा डबा आहे, मंगळवारी कचरागाडी तो उचलून आत ओतते आणि दाबते. ऑक्टोबरपासून मी त्यात झोपते.”