बर्फावरचे दिवस

तेरावा उरकल्यावर विभावरी आईचं घड्याळ द्यायला धाकट्या भावाकडे गेली, तेव्हा निशिकांत हॉलमध्ये स्की पुसत बसला होता. स्कीच्या पाठीवर मार्करच्या बारीक रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेखाली तारीख.

"हे कशाला रे?"

"दर सीझनला बर्फावरचे दिवस मोजतो, ताई. न मोजलेला दिवस गेल्यातच जमा." गुलमर्गचा विषय निघताच त्याचा चेहरा खुलला. "यंदा एकवीस झाले. बर्फ अगदी मनासारखा मिळाला, की त्या रेघेवर चांदणी काढतो."

आईचं काही खरं नाही, लगेच नीघ, असा फोन तिने सोळा फेब्रुवारीला त्याला गुलमर्गला केला होता. विमानतळ बंद आहे, खोलीतच अडकून पडलोय, असं तो रडवेल्या आवाजात म्हणाला होता. त्याच्यावरून बोलणाऱ्या नातेवाइकांशी ती कडाकडा भांडली होती.

तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून तारखा वाचत गेली. सोळा. सतरा. अठरा.

अठराला तिने एकटीने आईला अग्नी दिला होता. त्या रेघेवर चांदणी होती.