ब्रीफ में बोलिए

"ब्रीफ म्हणजे आखूड नव्हे, विनता. आधी पक्षकाराचं सगळं ऐकून घ्यायचं. लिहायचं मग."

पक्षकार समोर बसला की विनताच्या कानात अजूनही वडिलांचा हा आवाज येई. भय्यासाहेब हायकोर्टातले जुने वकील; वर्षापूर्वी गेले. ब्रीफ या शब्दाचं कूळ ते प्रत्येक ज्युनिअरला सांगत. मूळ लॅटिन, अर्थ आखूड. त्यावरून आखूड चिठ्ठी, चिठ्ठीवरून सरकारी हुकूम, आणि शेवटी वकिलाच्या हाती सोपवलेलं दुसऱ्याचं गाऱ्हाणं. "शब्द आखूड जन्मला," ते म्हणत, "माणसाला आखूड करू नका."

तिच्या थोरल्या भावानं, श्रीकांतनं, त्यातला पहिला अर्थ तेवढा उचलला होता. "ब्रीफ में बोलिए," तो घड्याळाकडे बघत म्हणे. समोरचा रडायला लागला तरी ब्रीफ में. शेजारच्या टेबलाशी बसलेल्या विनताचा जीव जळे. वडिलांच्या खुर्चीत बसून हे असं!

आज समोर रांझी वस्तीतली बेबीताई होती. तिचा मुलगा गौतम रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. मशीनखाली त्याचा उजवा हात गेला. कारखान्याचं म्हणणं, तो पिऊन आला होता आणि मशीनची संरक्षक जाळी त्यानं स्वतःच काढली.

श्रीकांतचं "ब्रीफ में बोलिए" यायच्या आधीच बेबीताई कडाडली.

"पोलीस म्हनते ब्रीफ में बोलो, ऑफिसातला साहेब म्हनते ब्रीफ में बोलो. मी ओमतीच्या बाजारात होजियरीच्या दुकानात कामाले हाओ, भाऊ. आमच्या दुकानात ब्रीफ म्हनजे चड्डी! चड्डीत मावते काय माह्या पोराचा हात?"

विनतानं धास्तावून भावाकडे पाहिलं. पण श्रीकांत हसला. त्यानं हातातलं घड्याळ काढून खणात टाकलं.

"नाही बेबीताई, तुम्ही आरामात सांगा. अगदी सगळं सांगा."

त्यानं जलेबी मागवली. बेबीताईनं बशी मागे सारली. "आज सोमवार हाय, भाऊ. उपास हाय माहा."

"खोव्याची आहे, मैद्याची नाही. उपासाला चालते."

मग तिनं खाल्ली, आणि बोलू लागली. जाळी असली की काम हळू होतं, म्हणून ती सुपरवायझरनं काढायला लावली होती. पोरं नको म्हणत होती. जो नको म्हणे त्याला दुसऱ्या दिवशी गेटातून परत पाठवत.

"अन् म्हनते पेला होता! माह्या गौतमनं दारूले कधी हात नाही लावला. आता लावाले हातच नाही ठेवला त्यायनं!"

श्रीकांतनं एकदाही तिला तोडलं नाही. उलट मधेमधे खोदून विचारलं. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे कुणी पाहिलंय?"

बेबीताई थबकली. तिनं विनताकडे पाहिलं.

"योगेंद्रनं. बाजूच्या मशीनवर होता. आमच्याच गल्लीत राहाते. कोर्टात बोलतो म्हनते. पन त्याची नोकरी अजून तिथंच हाय, दीदी. आधीच त्याचं नाव फुटलं तं त्याले दमात घेतीन, नाही तं इकत घेतीन. मंग माह्या पोराच्या बाजूनं कोनीच नाही."

"नाही फुटणार," विनता म्हणाली. "माझा शब्द आहे."

फाटकापर्यंत ती बेबीताईला सोडायला गेली. "वकीलसाहेबाच्या घरचं गोड खाल्लं," बेबीताई डोळे पुसत म्हणाली. "आता मले कायची चिंता! बापावर गेला तुमचा भाऊ."

परत येताना विनताला स्वतःचीच लाज वाटली. उगाच वर्षभर मनात राग धरला. देवानं उशिरा का होईना, दादाला बाबांची बुद्धी दिली.

श्रीकांत फोन चाळत बसला होता.

"दादा, तिची ब्रीफ मी तयार करू?"

"तिची?" त्यानं मान वर केली नाही. "ब्रीफ मी परवाच घेतली. कारखान्याची."

विनताला क्षणभर काही कळलंच नाही. टेबलावर बशी तशीच पडली होती. कडेला पाक साकळला होता.

"मग तिला बोलू काहून दिलंस?"

"काहून म्हणजे? बाबाच सांगायचे ना, आधी सगळं ऐकून घ्या." तो हसला. "माहीतच नव्हतं आपल्याला, साक्षीदार आहे म्हणून. कारखान्याचा मॅनेजर मीटिंगमध्ये बसलाय. निघाला की फोन करेल, तेव्हा नाव देतो त्याला."

"तिनं तुला आपला वकील समजून सांगितलं."

"वकालतनाम्यावर सही केली का तिनं? पैसे दिले? जलेबी खाल्ली आणि गेली. चलो, तू जास्त मनाला लावून घेऊ नको."

विनताच्या डोक्यात तिडीक गेली. ती बशी उचलून भिंतीवर फोडावी, त्याच्या हातातला फोन रस्त्यावर भिरकवावा, असं तिला वाटलं. पण तिचा आवाज या घरात कधी चढला नव्हता. आजही चढला नाही. तिनं बशी उचलली, मोरीत नेऊन धुतली आणि पालथी घातली. खुंटीवरचा काळा कोट हातावर घेतला. टेबलावरची आपल्या नावाची पाटी पिशवीत टाकली. स्कूटीची किल्ली उचलली.

"कुठे?" श्रीकांतनं मागून विचारलं. "आज तर आपलं मॅटर नाही कोर्टाच्या बोर्डावर."

ती दारात थांबली.

"ब्रीफ घ्यायला," ती म्हणाली. "बेबीताईंची." आणि मॅनेजरची मीटिंग संपायच्या आत योगेंद्रची गल्ली गाठून त्याला सावध करायला ती रांझीच्या रस्त्याला लागली.