तुलनेसाठी एक मासा

"एक वाजेपर्यंत परत आणा," आचारी म्हणाला. "दीडशे पानं वाढायची आहेत. आणि ते किरणबिरण माशात उरत नाहीत ना?"

काही उरत नाही, असं अंधारताईने त्याला शपथेवर सांगितलं. मग ट्रॉलीवरचा मासा एप्रनने झाकून तिने कॅन्टीनच्या मागच्या दाराने काढता पाय घेतला.

तिला सगळा कारखाना अंधारताई म्हणायचा, कारण डार्करूम तिच्या ताब्यात होती. बॉयलरच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढायचे आणि त्यात भेगा शोधायच्या, हे तिचं रोजचं काम. आज तिला माशात शिसं शोधायचं होतं.

मासा वॉचमनचा होता. त्याला बगळा म्हणत. गेटवर एका पायावर उभं राहायची त्याला सवय होती आणि गळ टाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कारखान्याच्या मासेमारी स्पर्धेत त्या सकाळी तो पहिला आला होता, सहा किलो चारशे ग्रॅम. दुसरा नंबर सहा किलो साडेतीनशेचा. तो अंधारताईच्या बाबांचा. सलग अकराव्या वर्षी पहिला बगळा आणि दुसरे बाबा.

बाबा याच डार्करूममधून निवृत्त झालेले. गुडघे आता ऐकत नाहीत, ही आपली शेवटची स्पर्धा, असं त्यांनी घरी जाहीर केलं होतं. टीव्हीशेजारची कपाची जागा अकरा वर्षं रिकामी होती आणि आई तिथे साधी फुलदाणीसुद्धा ठेवू देत नव्हती. बक्षीस समारंभ दोन वाजता होता. आज कप मिळाला तर मिळाला, नाहीतर फुलदाणी.

बगळ्यावर संशय यायला कारण होतं. महिन्याभरात डार्करूममधून आठ लेड स्क्रीन गायब झाले होते. लेड स्क्रीन म्हणजे शिशाचे कागदासारखे पातळ पत्रे. एक्स-रे काढताना ते फिल्मच्या पुढे-मागे ठेवले की भरकटलेले किरण गिळून टाकतात आणि चित्र ठसठशीत उठतं. अंधारताईचा जीव या पत्र्यांत अडकलेला असे. तिच्याखेरीज शिसं कोणाला हवं असणार? ज्याला काहीतरी जड करायचं आहे, त्याला. डार्करूमची एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती, दुसरी बगळ्याच्या जुडग्यात. गणित अगदीच सोपं होतं.

सकाळी वजनकाट्यापाशी तिने हे बाबांच्या कानावर घातलं होतं. 

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "पन्नास ग्रॅमसाठी कोणाचं नाव खराब करू नये. बगळा भला माणूस आहे."

अंधारताईला अगदी भरून आलं. बाबा तसेच होते. रोज दुपारी तिचा डबा घेऊन यायचे, ती जेवेपर्यंत कापसाने तिचे लेड स्क्रीन पुसत बसायचे. निवृत्त झालो तरी हात शिवशिवतात, म्हणायचे. आजही आचाऱ्याला उगाच त्रास नको म्हणून, जेवणाआधी आपला मासा आपणच साफ करू, असं त्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस अकरा वर्षं दुसरा येतो, म्हणजे जगात न्याय म्हणून काही उरलाच नाही.

तिने मासा एक्स-रेच्या खोलीत ठेवला, जाड दार लावलं, लाल दिवा पेटवला. मासा काही पोलाद नाही, तेव्हा पहिली फिल्म तिने पत्र्यांशिवायच घेतली. पण ते यंत्र पोलाद फोडून बघणारं. फिल्मवर उशीसारखा एक करडा ढग आला, बस्स. साडेअकरा वाजले.

मग तिने मोठ्या लेड स्क्रीनची जोडी काढली. तेवढी एकच चोराच्या तावडीतून सुटली होती. त्यांच्यामध्ये फिल्म घातली, वेळ वाढवला, आणि चित्र असं उठलं की काटा न् काटा मोजून घ्यावा. पोटात एक काळी पिशवी, डोक्यात एक पांढरा ठिपका. शिसं फिल्मवर पांढरंच दिसतं, त्यामुळे तिचे डोळे चमकले. पण डोक्यात शिसं कोण भरेल? की ठिपका जन्मजातच असतो? दहा हजार वेल्डिंग तिने पाहिली होती, आतून मासा एकही नाही.

अशा वेळी काय करायचं, ते बाबांनीच तिला शिकवलं होतं. शंका आली की शेजारी एक निर्दोष नमुना ठेवायचा आणि दोघांची एकत्र फिल्म काढायची.

ती पुन्हा कॅन्टीनमध्ये गेली. बाबा मांडवात पहिल्या रांगेची खुर्ची धरून बसले होते. निर्दोष नमुना फ्रीजरमध्ये, शेपटीला बाबांच्या नावाची चिठ्ठी बांधून पडला होता. आचाऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने दहा मिनिटं मागितली आणि तोही मासा उचलला.

दोन्ही मासे शेजारी शेजारी निजवून तिने तिसरी फिल्म घेतली. डेव्हलपर, पाणी, फिक्सर. एकला पाच मिनिटं कमी असताना ती ओली फिल्म तिने उजेडाच्या पेटीवर लावली.

ठिपका दोघांच्याही डोक्यात होता, म्हणजे तो देवाने दिलेला. त्यापलीकडे बगळ्याचा मासा धुतल्या तांदळासारखा होता. शेजारच्या माशाच्या पोटात मात्र आठ पांढऱ्याशुभ्र सुरळ्या होत्या, प्रत्येक घट्ट गुंडाळलेली आणि बोटभर जाड. अंधारताईने त्या दोनदा मोजल्या. मग ती स्टुलावर बसली आणि एकटीच पोट धरधरून हसत सुटली, कारण अर्धा किलो शिसं भरूनही बाबा दुसरेच आले होते.