अर्धी कुलुरी

जिवलग मैत्रीण एवांथिया जाऊन उद्या चाळीस दिवस होणार होते. तिच्या नावानं चर्चमध्ये न्यायचे उकडलेले गहू स्मारो आजी कापडावर पसरत होत्या, तेवढ्यात थेसालोनिकीच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारी शेजारची थेक्ला आली. आली खरी, पण बोलेना.

"बोल गं पोरी, गहू वाळेपर्यंत अशीच बसणारेस का?"

"आजी, विद्यापीठातल्या जुन्या नोंदींत मला सापडलं, कॉलेजात असताना तुम्ही मानसशास्त्राच्या एका प्रयोगाला बसला होतात. शेजारी एवांथियाबाई रडत होत्या. तुम्ही त्यांना न्याहारीची कुलुरी, तो तीळ लावलेला कड्यासारखा पाव, अर्धी मोडून दिलीत." थेक्लाचा आवाज बारीक झाला. "ते रडणं खोटं होतं. त्याचे त्यांना पैसे मिळाले होते. माणसाला फसवून प्रयोग केला, तर नंतर खरं सांगायचं, असा आता नियम आहे. तेव्हा तुम्हाला कुणीच सांगितलं नाही. तुमची मैत्री तिथलीच, म्हणून जीभ रेटत नव्हती."

आजींचा हात गव्हावरून हळूच फिरत राहिला.

"सांगितलं की! त्याच दिवशी ती जिन्यात माझ्यामागे धावत आली. कुलुरी तशीच हातात. म्हणाली, खोटं रडून मिळालेलं घशाखाली उतरत नाही गं. आणि मग जी खरी रडायला लागली!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? उरलेली अर्धीही तिलाच दिली."